वेशीच्या वळणात अडकलेली वरात

आमच्या धारूरच्या वेशीत शिरलं की लगेच एक आडवं वळण आहे. शत्रूचा हत्ती धावत येऊन आतल्या दाराला धडकू नये, म्हणून जुन्या लोकांनी मुद्दाम बांधलेलं. हत्ती कधी आला का नाही, देव जाणे. माझा नवरदेव मात्र तिथं बरोबर अडकला.

आमच्याकडं रीतच आहे, नवरदेवानं वेशीतूनच गावात यायचं, बाहेरच्या रस्त्यानं नाही. ही मंडळी आष्टीकडची. वळणाचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लांबलचक रथ सजवून आणला, वर पुढं लाकडाचे दोन घोडे! ट्रॉली अशी फसली की पुढं जाईना, मागं येईना.

मुहूर्त तर तोंडावर आलेला. नवरदेवाचे मामा म्हणाले, "आमचा नवरदेव पायी येणार न्हाई. भिंतीचे चार दगड काढा."

माझे वडील भडकले. "जिनं तोफा झेलल्या ती भिंत तुमच्या लाकडी घोड्यापायी पाडू व्हय?"

"मग वरात माघारी जाईल!"

माघारी कशी जाणार, ट्रॉली तर हलत नव्हती! पण हे मांडवात कळलं आणि आईनं डोळ्याला पदर लावला. माझं डोकंच सणकलं. दोन म्हाताऱ्यांच्या ताठ्यापायी माझं लग्न मोडायचं?

मुंडावळ्या बांधलेल्या, तशीच निघाले. मावशी मागून ओरडतेय, "अगं, नवरीनं असं जायचं असतंय व्हय!" वेशीत पहारेकऱ्यांच्या बसायच्या उंच देवड्या आहेत. त्यातल्या एकीवर चढले, तेव्हा कुठं रथाच्या बरोबरीला आले.

"अहो, तुमी उतरताव का मी घरी जाऊ?"

नवरदेवानं मामाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि धाडकन देवडीत उडी मारली. वर म्हणतो कसा, "कवाचं उतरायचं होतं. कुणी उतर म्हणंनाच!"

आधी मामाच हसले, मग वडील. मांडवात जायला वेळच नव्हता, म्हणून भटजींना तिथंच बोलावलं आणि वेशीतच अंतरपाट धरला. निम्मं गाव वरच्या गच्चीवर चढलं. शत्रूवर उकळतं तेल ओतायला तिथं खाली बघणारी भोकं ठेवलेली आहेत. त्या भोकांतून आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या. आणि मला हसू आवरेना, इतकं की मंगळसूत्र बांधताना ह्यांचा हात तीनदा चुकला.