आतली कडी, बाहेरची कडी

आज बालाजीची आरती चुकली. का चुकली ते लिहून ठेवते. देवाला ठाऊकच आहे, मग वहीपासून काय लपवायचं.

आमच्या शेजारी उकंडरावांची सून जनकाबाई. जानेफळची लेक. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन देऊळगावात आली, त्याला आता सहा वर्षं झाली. माहेरी नुसत्या चाकाच्या आवाजावरून सांगायची म्हणे, कोणाची बैलगाडी गावात शिरली ते. इथे विहीर आणि देऊळ एवढाच तिचा रस्ता, तोही सासूच्या मागे. सासू सत्यभामाबाई एकट्या बाहेर निघाल्या की दाराला बाहेरून कडी घालतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "सुनेले कोंडलं नाही वं, घराले कडी घातली. कुत्रे शिरतात."

यंदा यात्रेतल्या टॉकीजचा तंबू नेमका त्यांच्या परसाच्या भिंतीपलीकडे लागला. दिवेलागणीचा खेळ सुरू झाला की जनका भाकरी थापत ऐकायची. मी घरच्यांबरोबर एकदा पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरून तिला गोष्ट सांगू लागले.

"गोष्ट ठाऊक आहे मले, काकू," ती म्हणाली. "झोका करकरते, मंग थांबते. मंग कडी वाजते. त्यावर चार श्वास कोणी बोलत नाही, बाजासुद्धा नाही. मंग पारवे उडतात. कडी वाजते तवा काय दिसते?"

"अंधार."

"अन् अंधाराच्या आधी?"

मला आठवेना.

"मंग तुमी पाह्यलं काय, काकू?"

लागलं मला ते. तिच्यासाठी म्हणून पुन्हा गेले. दार हळूहळू लागतं. बाईच्या तोंडावरचा उजेड अरुंद होत जातो. आधी अर्धं तोंड, मग एक गाल, मग एकच डोळा, कोरडा. रंग नसलेला सिनेमा, तरी तिचं कुंकू विझत गेल्यासारखं दिसलं. दार लावणारा हात मात्र कुठेच नाही.

हे सगळं सांगितलं तर जनकाने एकच विचारलं. "कडी आतून का बाहेरून?"

"दिसत नाही बाई. काऊन विचारतेस?"

"तिनंच लावली असंल तर तिले उघडता येईल."

आज शेवटचा खेळ. उद्या तंबू उठणार. सत्यभामाबाई देवळात गेलेल्या. मी आरतीचं ताट घेऊन निघाले, तर त्यांच्या कडी घातलेल्या दारामागून आवाज आला, "काकू." बस, तेवढंच. मी कडी काढली.

आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. तिथे आमच्या गल्लीतलं कोणी येत नाही. माझ्या मांडीवर ताट. पडद्यावरच्या बाईने डाव्या हाताने दिवा लावला, तशी जनका कुजबुजली, "डावखुरी आहे काय वं?"

"अगं, आपण पडद्याच्या उलट्या अंगानं बसलो."

तिने पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग ते दार आलं. उजेड गाल सोडून डोळ्यावर आला तोवर ती टक लावून बघत होती. अंधार झाल्यावर तिने डोळे मिटले, मान कलती केली. कडी वाजली. चार श्वास. पारवे.

"बाहेरून," ती म्हणाली.

"कशावरून?"

"दिवा लावताना तिच्या बांगड्या वाजल्या. कडीले वाजल्या नाहीत."

पुढचं बघायला ती थांबली नाही. देवळातली घंटाही थांबली होती, आरती संपली होती. घरात शिरून ती म्हणाली, "काकू, कडी घाला. उघडी दिसली तर देवळातून आल्यावर आत्याबाई इचारतीन."

मी हात जपून कडी सरकवली. तरी माझ्या बांगड्या वाजल्याच. दारामागे ती उभी होती, तिने ऐकलं असेल.