फुंकरमामांचा नकार

केस कापून झाले की मामा आमच्या मानेवर फुंकर मारायचे. पावडर नाही, ब्रश नाही, नुसती फुंकर. शर्टाची कॉलर दोन बोटांनी मागे ओढायची, डोकं पुढे वाकवायचं आणि एका दमात या कानापासून त्या कानापर्यंत फुंकर. तिला तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास असायचा. पोरं गुदगुल्यांनी अंग चोरायची. म्हणून ते आमचे फुंकरमामा. त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही आणि त्याची मला लाज वाटते. रेक्टरसरांचं नाव मात्र पदव्यांसकट पाठ आहे.

आमचं मुलांचं बोर्डिंग पनवेलला होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, तिथे आता बिल्डिंगी उभ्या आहेत. गेल्या महिन्यात आम्हा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये झाला. स्टेजवर रेक्टरसरांचा हार घातलेला फोटो. पोटं सुटलेले माझे सोबती एकामागून एक माईकवर येऊन सांगत होते, सरांनी आपल्याला शिस्त लावली, सरांच्या छडीमुळे आपण माणसात आलो. मग एकाने हसत हसत माझ्या चकोटाची गोष्ट सांगितली. हॉलभर हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंबलाची शिस्त! आणि त्या गोष्टीत जो एकमेव शहाणा माणूस होता, त्याचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही. मी न जेवताच घरी आलो. आता ती गोष्ट मीच सांगतो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी सहावीत होतो. फुंकरमामा एक रविवार सोडून यायचे, विचुंब्याहून चालत, काखेत हजामतीच्या सामानाची धोकटी. नळापाशी सिमेंटचा कट्टा होता, त्यावर आमचं सलून. सगळ्यांना एकच कट, सोल्जर कट. मामांचं मशीन जुनं होतं, मधूनच केस ओढायचं. ओढलं की मामाच आधी ‘स्स’ करायचे, जणू त्यांचेच केस ओढले गेले.

प्रत्येकाला बसवताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला. “बापूस बरा हाय ना?” अभ्यासाचं नाही विचारणार, नाव नाही विचारणार. बापूस म्हणजे बाप, एवढं आम्हा शहरातल्या पोरांना कळायचं, पण हा माणूस दर खेपेला आमच्या बापांच्या मागे का लागतो ते कळायचं नाही. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. फक्त शशीला ते निराळं विचारायचे, “आयस बरी हाय ना?” शशीचे वडील वारलेले होते. मामांनी ते एकदा ऐकलं आणि नंतर शशीपुढे बापाचं नाव कधी काढलं नाही. शंभरेक पोरांमध्ये हे त्यांच्या बरोबर लक्षात असायचं. रेक्टरसर मात्र भर प्रार्थनेत शशीला ‘बापाविना वाढलेला’ म्हणायचे.

डोकी हाताखालून जात असल्यामुळे मामांना आणखीही पुष्कळ कळायचं. कुणाला पट्टी कुठे बसली, टेंगूळ किती दिवसांचं आहे, सगळं. “हितं लागलाय. हितं मशीन नाय लावत,” असं पुटपुटत ते तेवढा भाग कात्रीने हलक्या हाताने करायचे. मग थोडा वेळ मान वळवून ऑफिसच्या खिडकीकडे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, ते सरांना काय बोलणार, आहेत बिचारे न्हावी.

त्या पावसाळ्यानंतर मला घराची फार आठवण यायला लागली. एका शनिवारी मी भिंतीवरून उडी मारली आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर जाऊन डोंबिवलीच्या गाडीत बसलो. तिकिटाला पैसे नव्हते. कंडक्टरने विचारलं, मी रडायला लागलो आणि तासाभरात आमचा शिपाई मला दंडाला धरून परत घेऊन आला. अकरा वर्षांच्या पोराला आई हवीशी वाटली, एवढाच काय तो गुन्हा. दुसरा दिवस मामांचा रविवार होता. सरांनी सगळ्या पोरांना नळापाशी रांगेत उभं केलं, मला कट्ट्यावर बसवलं आणि मामांना म्हणाले, याचा चकोट करा, म्हणजे पुन्हा बाहेर पडायची लाज वाटेल.

मामांनी मशीन हातात घेतलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. म्हणाले, बारीक करतो, पार बोटात येणार नाहीत एवढे बारीक करतो. सर म्हणाले, बारीक नको, वस्तरा लावा. तेव्हा मामांनी मशीन फडक्यात गुंडाळलं आणि धोकटीत टाकलं.

“सायेब, याचा बापूस जिता हाय. याचा गोटा मी नाय करनार.”

आवाज चढलेला नव्हता. सरांनी सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं एक छोटेखानी भाषण दिलं. ही शिक्षणसंस्था आहे, इथे अंधश्रद्धा चालणार नाही, केस कापल्याने कुणाचा बाप मरत नाही. अहो, हे आम्हालाही ठाऊक होतं! पण गावात बाप गेल्यावरच पोराचं डोकं भादरतात, आणि जिवंत बापाच्या पोराला तसं करणं म्हणजे त्या घराला काय सांगणं, हे त्या पदवीधर माणसाला ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. ठाऊक होतं म्हणूनच तर ती शिक्षा निवडली होती. आणि वर सुधारणेचा आव!

मग सरांनी स्वतःचा दाढीचा वस्तरा मागवला आणि स्वतः माझं डोकं भादरलं. दोन ठिकाणी कापलं. शंभर पोरं बघत होती, काही हसत होती. मामांना तोवर गेटबाहेर जायला सांगून झालं होतं, पण ते गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. सर ऑफिसात वळल्यावर ते माझ्यापाशी आले, बाटलीतलं खोबरेल दोन्ही जखमांना लावलं, डोक्यावरून एक लांब फुंकर मारली आणि धोकटी उचलून गेले. पुन्हा बोर्डिंगमध्ये आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नाही.

पुढच्या आठवड्यात भेटीचा दिवस होता. आईने माझं डोकं बघितलं. वडील तिच्या शेजारीच उभे होते, तरी तिने त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि निघेपर्यंत सोडली नाही. वडील काय म्हणाले? सरांना हात जोडून म्हणाले, तुम्ही केलंत ते याच्या भल्याचंच असणार. माझ्या बापाच्या जिवाची फिकीर त्या आवारात एकाच माणसाने केली होती, आणि तो माझ्या बापाला कधी भेटलाही नव्हता. वडिलांवरचा तो राग माझ्या मनात किती वर्षं होता ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं.

मी विशीत असताना वडील अचानक गेले. दहाव्याच्या दिवशी पहाटे उठून मी डोंबिवलीहून पनवेलची एसटी धरली. काका भडकले. डोंबिवलीतले न्हावी काय मेले का, म्हणाले. मी त्यांना काही समजावत बसलो नाही. दुपारच्या आत परत येतो, एवढंच सांगितलं.

विचुंब्याला विचारत विचारत गेलो. मामांनी एक खोली घेऊन दुकान टाकलं होतं, एक आरसा, एक लाकडी खुर्ची. केस पिकले होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. शंभर डोक्यांतलं एक डोकं, मधे इतकी वर्षं गेलेली. मी दारात उभा राहिलो. त्यांनी माझी दहा दिवसांची वाढलेली दाढी पाहिली, चेहरा पाहिला आणि हातातलं फडकं झटकून खुर्ची पुसली. मी बसलो. इतक्या वर्षांनी तो जुना प्रश्न येणार म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी गाडीत घोकत आलो होतो.

मामांनी वाटीतलं पाणी माझ्या डोक्याला लावलं, वस्तऱ्याला धार दिली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

“आयस बरी हाय ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडलो. त्यांनी मला पुरतं रडू दिलं, आणि मगच वस्तरा लावला.