पुढच्या चाकावरचा लाल डाग

मी विमानदलात मेकॅनिक होतो. आमची जुनी लढाऊ विमानं मित्रदेशाला द्यायची ठरली. त्यांचा तपासनीस भलता कडक. पुढच्या चाकाच्या दांड्यावर लाल डाग दिसताच त्याने ‘तेलगळती’ असा शेरा मारून विमान अडवलं. तिथलं तेल लालच असतं म्हणा. पण माझ्या हातच्या विमानाला गळती? माझं डोकंच फिरलं.

“अहो, कुंकू आहे ते! लेक सासरी निघालीय, म्हणून सकाळी मीच लावलंय,” असं म्हणत मी पुसायला फडकं काढलं, तर त्यानेच माझा हात धरला आणि शेरा खोडला.

आता मी निवृत्त होऊन वर्तकनगरात राहतो. गेल्या दसऱ्याला त्याचा फोन आला, “विमानं ठणठणीत आहेत. कुंकू संपलंय, पाठवा.”