दोन गायुस पॅसिलियस

ख्रेस्तेला वाचता येतं हे रोममध्ये चपलावाल्यांच्या आळीत फार थोड्यांना माहीत होतं. आळीतल्या बायकांच्या लेखी ती नकलनवीस दिओक्लेसची बायको. काजळी आणि डिंक घोटून शाई करणारी, पुस्तकांच्या गुंडाळ्यांना देवदाराचं तेल चोपडणारी, जिच्या हाताला कायम तोच वास येतो ती. पण पॅसिलियसांच्या घरात ती गुलाम असताना थोरल्या बाईंचे डोळे गेले, आणि त्यांना वाचून दाखवायला म्हणून तिला अक्षरं शिकवली गेली. वीस वर्षं ती त्यांच्या पायाशी बसून वाचत होती. बाईंनीच पुढे तिला मोकळं केलं. दिओक्लेस त्याआधीच सुटला होता. राहिली होती थालूसा, त्यांची चौदा वर्षांची मुलगी. ती जन्मली तेव्हा ख्रेस्ते गुलाम होती, म्हणून मुलगी मालकाची.

आता थोरल्या बाई गेल्या होत्या. त्यांचा मुलगा गायुस पॅसिलियस याने दिओक्लेसला बोलावून सांगितलं होतं, "पूर्वजांची यादी नीट करून दे. अंत्यविधीनंतर नवव्या दिवशी थालूसाला मोकळं करतो."

अंत्ययात्रेत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून भाडोत्री नट चालत. ज्याने जे पद भूषवलं, त्याच्या नटाला तसा पोशाख. दिओक्लेसने पाच दिवस जुन्या गुंडाळ्या उपसल्या. मालकाचे आजोबा शहराचे प्रेटर होते असं त्याला सापडलं आणि घरात आनंदीआनंद झाला. एवढा मोठा न्यायाधीश आपल्या घरात होऊन गेला हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

यात्रेच्या सकाळी दिओक्लेस तापाने फणफणला होता. त्याच्या उशाशी पडलेली यादीची प्रत आवरताना ख्रेस्तेने ती सहज वाचली. रोममध्ये साल सांगतात ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांनी. प्रेटरपदाच्या पुढे जी दोन नावं होती ती तिला तोंडपाठ होती. मालकाच्या वाढदिवसाला घरच्या देवांपुढे दरवर्षी तीच घेतली जात.

तिने नवऱ्याला हलवलं.

"दिओक्लेस, ऊठ. हे मालकाच्या जन्माचं साल आहे."

"असेल."

"असेल काय? बाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासरा राखेच्या कलशात होता. 'सासरा नशिबात नव्हता, सुटले,' असं शंभरदा म्हणायच्या. मेलेला माणूस प्रेटर कसा होईल?"

दिओक्लेसने यादी तिच्या हातातून ओढून घेतली. त्या घराण्यात थोरल्याचं नाव गायुस सोडून दुसरं ठेवतच नसत. चुलतघरातही तीच तऱ्हा. हा प्रेटर चुलतघरातला गायुस पॅसिलियस होता, आणि दोन्ही घरांचं तीन पिढ्या वाकडं होतं.

"गप्प बस," तो म्हणाला. "पोरगी सुटू दे, मग बोल."

"चुलतघरचा म्हातारा यात्रेला येणार आहे. स्वतःच्या बापाचं पद दुसऱ्याच्या आज्याला चढवलेलं बघून तो भर चौकात बोंब मारेल. मग सुटेल होय आपली पोरगी?"

"आणि आत्ता सांगितलंस तर?"

तिने डोक्यावर पदर घेतला आणि चार मजले उतरून निघाली.

मालकाच्या घराच्या दारात दुखवट्याच्या सरूच्या फांद्या लावल्या होत्या. आत बाईंना पाय दाराकडे करून निजवलं होतं. थालूसा हार बांधत होती. चुलतघरचा म्हातारा तिवईवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत होता. ख्रेस्तेने मालकाला बाजूच्या खोलीत गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मालक म्हणाला, "चूक दिओक्लेसची?"

"त्याचीच, मालक. ताप आज आलाय, यादी आधीची. तापावर ढकलता यायची नाही."

"मी ती यादी तीनदा वाचली," तो हळूच म्हणाला. "माझ्याच जन्माचं साल, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. प्रेटर दिसला आणि हुरळून गेलो." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "आईने कान उपटले असते. जा, त्या नटाला उतरव."

मालकाच्या आजोबांचा नट फिलेरोस प्रेटरचा जांभळ्या काठाचा टोगा नेसून ऐटीत उभा होता.

"उतरवू? का म्हणून? सकाळपासून चालीचा सराव करतोय मी!"

"साधा पांढरा नेस. हा घे."

"नुसता पांढरा? मग माझ्याकडे बघणार कोण, बाई?"

"कुणी बघू नये हीच तर माझी प्रार्थना आहे. आटप!"

बाहेर म्हाताऱ्याने विचारलंच, "एवढा खोळंबा कशाला?"

"काठ उसवला होता, आजोबा. आम्हा बायकांचं काम," ख्रेस्ते म्हणाली.

चौकात म्हातारा प्रत्येक मुखवट्याकडे मान पुढे काढून बघत होता. पांढऱ्या टोग्यातला फिलेरोस पाय ओढत त्याच्यासमोरून गेला. म्हाताऱ्याने जांभई दिली.

चितेवरून परतल्यावर सगळे अंडी आणि मसूर खायला बसले. मालकाच्या केसांत अजून राख होती. त्याने थालूसाला जवळ बोलावलं.

"नवव्या दिवसाची वाट कशाला बघू? साक्षीला माणसं आजच जमलीत. ही मुलगी आजपासून मोकळी. ऐकलंत ना, काका?"

चुलतघरच्या म्हाताऱ्याच्या तोंडात अंडं होतं. त्याने मान हलवली.

थालूसा हातात पाण्याची झारी घेऊन तशीच उभी राहिली. काही पाहुण्यांचे हात धुवायचे राहिले होते.

"आई, आता ओतू का नको?"

"ओत बाई," ख्रेस्ते म्हणाली. "पाहुणे आहेत."

आणि ती तिथेच, लोकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी, भिंतीला टेकून बसली. कुणीतरी तिच्या हातात मसुराची वाटी दिली. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे तिला तेव्हा आठवलं.