ताईच्या बागेतली आठ झाडं

कलमकाकांच्या हाताला यश होतं, हे त्यांच्या वैऱ्यानेसुद्धा कबूल केलं असतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सफरचंदाच्या बागांत कलमं बांधली. शंभरातली पंच्याण्णव जगायची. त्यामुळे स्वारी जरा फुशारलेलीच असायची. कुणी म्हटलं, कलमाची काडी तपासून घ्या, की फटकन उत्तर, "अहो, मी बघितली ना? झाली तपासणी!" घ्या!

थोरल्या बहिणीचा नवरा गेला, तेव्हा तिच्या बागेतल्या आठ रिकाम्या जागी काकांनी आपणहून आठ कलमं लावून दिली. काड्या घेतल्या त्या वर्षी सगळ्यात लगडलेल्या झाडाच्या. आणि इथेच हा शहाणा माणूस फसला. बुरशीने आतून पोखरलेलं झाड मरायच्या आधी कधीकधी असंच जिवाच्या आकांताने फळतं. पुढच्या वर्षी ते वाळलं. काका मनात चरकले, पण ताईपाशी चकार शब्द काढला नाही.

आता सहा वर्षांनी ताईची दोनशेच्या दोनशे झाडं त्याच वाटेने चालली होती. साल तडकलेली, आतलं लाकूड काळं. काका महिनाभर रोज येऊन सडका भाग खरवडत, मोरचुदाचा लेप लावत. उपयोग शून्य, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ताई विचारायची, "वाचतील ना रे?" आणि हे म्हणायचे, "बघू." मेलं ते बघू!

शेवटी सगळी बाग तोडायचं ठरलं. त्या दिवशी ताईने बांधावर चहा आणून दिला आणि काकांना राहवलं नाही.

"ताई, हा रोग माझ्याच काड्यांतून आला. मला तेव्हाच कळलं होतं गं. सांगायला जीभ रेटली नाही."



"मलाही माहीत होतं," ताई म्हणाली. "दुसऱ्याच वर्षी बागा तपासणारे साहेब आले होते. म्हणाले, ही आठ उपटून जाळा, बाकीची वाचतील. कुऱ्हाड घेऊन गेलेसुद्धा मी. पण तू एवढ्या कौतुकाने लावलेली. तुला वाईट वाटेल म्हणून परत फिरले."

"अगं, मग मला सांगायचंस तरी!" काका ओरडले.

आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर मान खाली घालून बसून राहिले.