बत्त्यानं वाजवलेली गिटार

दादाच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं दुसऱ्या महायुद्धात इटलीत राहिली, आणि तिथून येताना पठ्ठ्या गिटार घेऊन आला.

आता बोला.

आज दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, स्मृतिदिन. मी सांगतेय, नातू टाइप करतोय. नव्वदीत मला फेसबुकवर बसवलंय ना, मग ऐकून घ्या.

कालच या नातवानं त्याच्या इलेक्ट्रिक गिटारला जाड तारा चढवल्या. मान वाकली, सूर जुळेना, तर तोंड पाडून बसला.

म्हटलं, बाळा, तार बदलली की सगळंच नव्यानं बसवावं लागतं.

बघतच राहिला. आजीला काय कळतंय म्हणून!

अरे, तुझ्या बापाच्या जन्माआधी मी इलेक्ट्रिक गिटार पाहिलीय. सांगलीजवळच्या आमच्या घरात, पुढच्या सोप्यात. घरात लाइट नव्हते तेव्हा.

ती गिटार मुळात दादाची नव्हतीच. हणमंताची. हा लोणंदकडचा, दादाचा पलटणीतला जिवलग. डबाबंद मटण देऊन त्यानं ती एका इटालियन शेतकऱ्याकडून घेतली होती. तिच्यावर तो एकच चाल वाजवायचा. त्याची आई जात्यावर म्हणायची ती ओवी.

हणमंता तिकडेच गेला.

पलटणीतून सुटून आल्यावर दादा आधी हणमंताच्या आईला भेटून आला. म्हातारीला ऐकू कमी यायचं. दादाला तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, "आवं, तुमचीच ओवी वाजवायचा त्यो!"

ती म्हणाली, "मग वाजवून दाव की. जरा मोठ्यांदा वाजीव."

घरी आल्यावर दादाला दुसरं काही सुचेना. बोटं नसलेल्यानं वाजवायचं होतं आणि कान गेलेलीनं ऐकायचं होतं.

आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, कपाळाला हात लावला. "ठिव ती खुटीला टांगून. ऊस लावायला तीन बोटं बास हायती."

"ऊस बी लावतो, आन् हे बी वाजवतो."

आमच्या घरात हट्ट सगळ्यांकडेच होता, पण दादाचा लय वरचा.

तारा बोटांनी दाबता येईनात, म्हणून त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि आईच्या खलातला वेलदोडे कुटायचा बत्ता तारांवरून फिरवला. बारीक तारा त्या वजनानं खाली बसल्या आणि नुसत्या खडखडल्या.

मग मिरजेहून तंबोऱ्याच्या जाड पितळी तारा आणल्या.

जाड तारा खाचेत बसेनात. कानशीनं खाचा रुंद केल्या. तारा उंच राहाव्यात म्हणून वरच्या टोकाला बाभळीची पट्टी घातली. ताण वाढला तशी तारा जिच्यावर टेकतात ती खालची घोडी उपटून आली, तर मागच्या कडेला लोखंडी पट्टी ठोकून तारा तिथं अडकवल्या. तरी मान वाकायला लागली, म्हणून सूर उतरवला.

आई रोज बत्ता मागायची. दादा रोज "उद्या" म्हणायचा.

आता आवाज मोठा करायचा होता. दादा पलटणीत सिग्नलमध्ये होता. त्यानं जुन्या हेडफोनची चकती खोलून, आतलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं तारांखाली बसवलं. सांगलीत लग्नाला लाउडस्पीकर लावणाऱ्याचा सेट त्यानं दुरुस्त करून दिला होता. तोच बॅटरी-कर्ण्यासकट मागून आणला.

सगळं जोडलं. दादानं तार छेडली.

कर्णा मुका.

दादानं सगळं उलगडलं, परत जोडलं. मुकाच. मी वाकून बघत होते, तर माझ्या केसांतला आकडा निसटला आणि त्या चुंबकाला टच्चकन चिकटला.

दादा आकड्याकडे बघत राहिला. मग तारांकडे बघितलं. मग स्वतःच्या कपाळावर एक ठेवून दिली. "सिग्नलवाला म्हनवून घेतो, आन् पितळ लावलं! चुंबकाला पितळ कसं कळायचं गं?"

मग सांगलीच्या गॅरेजातून मोटारसायकलच्या क्लचची जुनी पोलादी तार आली. तिचा पीळ सोडवून, हवे तेवढे पदर पुन्हा पिळून, तारा घरातच केल्या. खाचा नव्या, पट्टी नवी, सूरही नवा. पहिल्यापासून सगळं. मला वैताग आला होता. त्याला नाही.

आणि कर्णा बोलला. आबा दचकून उठले.

लोणंदला आम्ही रेल्वेनं गेलो. दादाकडे गिटार आणि बॅटरी, माझ्या डोक्यावर कर्णा. अख्खा डबा आम्हाला तमाशातली समजला.

म्हातारीच्या दारात दादानं कर्णा तिच्याकडे तोंड करून ठेवला आणि ओवी वाजवली. बत्ता तारांवरून सरकताना चाल गळ्यातून आल्यासारखी सलग यायची.

आधी ती नुसती बसून होती. मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला.

जातं नव्हतं तिथं. पण ती दळत होती.

मला रडू आवरेना. दादा वाजवत राहिला.

संपल्यावर त्यानं गिटार तिच्यापुढं ठेवली. "ही हणमंताची. तुमाला द्यायला आणलीय."

तिनं ती परत त्याच्याकडे सरकवली.

"इथं ठिवलीस तर तू परत कशापायी येशील?"

ती होती तोवर दादा दर वर्षी गेला. लग्न झाल्यावर वहिनीला घेऊन गेला, नंतर पोरांना. दर वर्षी ती म्हणायची, "जरा मोठ्यांदा."

दादा, तुला आणि तुझ्या हणमंताला या म्हाताऱ्या बहिणीचा नमस्कार. तुझी फार आठवण येते रे.

बत्ता माझ्याकडे आहे. आईला तो शेवटपर्यंत परत मिळाला नाही.