साइड ए संपेपर्यंत

नव्या कॅसेटच्या शेवटी लच्छूकाकांचा आवाज नव्हता. मला पहिल्यांदा खटकलं ते तिथे.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात काकांचं रेकॉर्डिंगचं दुकान. त्यांचा साडू सिंगापूरहून ब्लूज, सोल, रॉकच्या नव्या रेकॉर्डी पाठवायचा आणि काका आम्हा तीन-चार वेड्यांना त्या कॅसेटवर भरून द्यायचे. शेवटी जी टेप उरेल तिच्यावर स्वतःचं मत बोलून ठेवायचे. "बाई नयी है, पण गळा जुना आहे. दुसरं गाणं दोनदा ऐक." या वेळी नुसती खरखर.

सोमवारी मी गेले तर दुकानाला कुलूप. मंगळवारीही. महिन्यापूर्वीच त्यांच्या छातीत दुखलं होतं, त्यामुळे बुधवारी सकाळी मी बदलापूरच्या पीसीओत उभी राहून त्यांच्या घरचा फोन लावत होते. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. माणूस सापडेनासा झाला की त्याचे किस्से डोक्यात गर्दी करतात.

* * *

कॉलेजात असताना मी पहिल्यांदा दुकानात शिरले आणि स्पीकरमधून माउथ ऑर्गन असा किंचाळला की माझ्या हातातली छत्री खाली पडली. मी सॉरी म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही.

काका म्हणाले, "डरली? मग बरोबर ऐकलंस."

* * *

दुकानाचा एकच नियम होता. नवी रेकॉर्ड लागली की साइड ए संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

एकदा जांभूळ गावचे एक आजोबा नातवाच्या हळदीची गाणी भरून घ्यायला आले. काकांनी खुणेनेच त्यांना स्टुलावर बसवलं. वीस मिनिटं आजोबा हलले नाहीत. बाजू संपली तेव्हा खिशातली गाण्यांची यादी त्यांनी परत खिशात घातली.

"हीच भरून दे," ते म्हणाले.

जांभूळच्या त्या हळदीत सोल वाजलं. लोक नाचले म्हणे!

* * *

आमच्यातले गायकवाडदादा बुवापाड्यातले. मोरिवलीच्या कारखान्यात लेथवर, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीत ढोलकीवर. ब्लूजमध्ये तीच ओळ दोनदा का म्हणतात, असं मी विचारलं होतं. कॉलेज शिकलेली मी, पण उत्तर त्यांच्याकडे होतं.

"आम्ही पण दोनदा म्हणतो. दुखणं पब्लिकला पोचायला वेळ लागतो."

त्यांनी एका नव्या सोल गायिकेची कॅसेट घरी लावली. त्यांची आई तांदूळ निवडत होती. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. तिसऱ्या गाण्याला तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अरे, हिला कुणीतरी पाणी द्या."

* * *

काकांनी भरून दिलेलं एक गाणं ओळीच्या मध्येच थांबायचं. पुढे काहीच नाही. काय धाडस त्या गायकाचं, म्हणून आम्ही दोन वर्षं माना डोलावल्या. गायकवाडदादांच्या पार्टीने तर जयंतीला एक गाणं तसंच मध्येच तोडलं. मंडपात टाळ्याच टाळ्या.

पुढे काकांनी मान खाली घालून कबूल केलं की ते गाणं भरताना टेप संपली होती. साठ मिनिटांची कॅसेट, गाणं मावलं नाही.

दादांनी विचार केला. "असू दे काका. आमचं आता तिथेच संपतं."

* * *

सातव्यांदा नंबर फिरवला. दादांना काय सांगायचं, कुणाला घेऊन काकांच्या घरी जायचं, सगळं मनात ठरवून झालं होतं. पीसीओवाला म्हणाला, "ताई, राहू द्या आता." तेवढ्यात पलीकडे खट्‌ झालं.

हॅलो नाही. लांबवर गिटार, तिच्यामागे ढोल, आणि एक माणूस तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणत होता. हे गाणं मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

"काका? काका, बरे आहात ना?"

गाणं चालूच होतं. मग रिसीव्हरच्या अगदी जवळ, दबक्या आवाजात काका म्हणाले, "साइड ए संपू दे, बेटा. मग बोल."